दंड

सकाळची टोटल झाली आणि सर्कलच्या मधोमध
सिव्हिलवाल्यांनी टेबल मांडलं.
कापूस, स्पिरिट, पट्ट्यांचं खोकं
आणि एक पिवळा डबा. त्यात सुई टाकायची,
एकदा टाकली की परत काढायची नाही.
मी त्या डब्याकडेच बघत राहिलो.

खैरेबाईंनी बोट टोचलं. मुंगी चावावी, इतकंच.
"वीस मिनिटं थांबा," म्हणाल्या.
मिनिटं!
आमच्याकडे वेळ तारखेनं मोजतात,
ही तारीख, मग पुढची, मग तिच्या पुढची.

तट ओलांडून खाडीचा वास येत होता, ओहोटीचा.
खारकर आळीत कुणाच्या तरी हळदीचा बँड.
पट्टीवर एक रेघ आली.
मग दुसरी, फिकट, पेन्सिलीनं काढून खोडल्यासारखी.

"पॉझिटिव्ह," बाई हळू म्हणाल्या.
मागून शकूर ओरडला, "तरे पास झाला रे!"
रांग हसली. बाई हसल्या नाहीत.

काविळीवाल्याला जग पिवळं दिसतं म्हणे.
ताटाच्या पाठीत मी सकाळीच डोळे बघितलेले,
पांढरे होते.
"ही दिसत नाही," त्या म्हणाल्या,
"यकृतात वर्षानुवर्षं नुसती बसून असते."
कच्च्या कैद्यासारखी, मी म्हणालो.
मग त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले.

गोंदण कुणी केलं?
मीच.
इतरांचं?
मीच.
आणि सुई?

बरॅकीच्या भिंतीत चुन्याची एक फट आहे.
सहा वर्षं तिथंच असायची. एकच.
धुवायचो, हो. पाण्यानं. कधी नुसती लेंग्याला पुसून.
एका हाताचे बिस्किटाचे दोन पुडे.

चौकीत अकरा दिवस तळव्यांवर पट्टा खाल्ला,
एक नाव दिलं नव्हतं.
आत माझी इज्जत चालली ती त्याच्यावर.
बाईंनी फक्त पेनाचं टोपण काढलं.
"ही चौकशी नाही. नावं औषधासाठी हवीत."
आणि मी बोलायला लागलो.

नावं आठवेनात. दंड आठवत होते.
लिहा, डावा दंड, "आई", ई ऱ्हस्व झाली,
म्हणून आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.
लिहा, डॉमनिक, क्रूस, एक बाजू लांब.
भिवा वाघे, शहापूरकडचा,
त्याला आजीच्या कपाळावरची नक्षी हवी होती,
सांगता येईना, तेव्हा बोटानं मातीत काढली.

आणि तो एकोणीस वर्षांचा पोरगा.
फूल नको, देव नको, त्याला नंबर हवा होता,
बायकोचा मोबाइल नंबर. "विसरलो तर?"
शेवटच्या आकड्याला सुई घसरली, तिनाचा आठ झाला.
गेल्या दिवाळीआधी जामीन झाला त्याला.
कागदावर पत्ता आहे कळव्याच्या डोंगरावरचा,
ती वस्ती तर पाडली.

नंबर मला पाठ आहे, बाई.
एकेका आकड्याला पन्नास टोचे, कसा विसरेन?
शेवटी तीन लिहा. दंडावर आठ असेल, तरी तीनच.

एकेचाळीस झाले. बाईंनी खाली बेरीज केली.
कोर्टात दंड म्हणजे रुपये,
न भरल्यास आणखी तीन महिने.
इथं दंड म्हणजे दंड, माणसाचा,
कोपराच्या वर, मऊ,
पिळून धरला की थरथरणारा.

सुई मी आणून दिली. हवालदारानं तोंड फिरवलं.
पिवळ्या डब्यात पडली, आवाजसुद्धा झाला नाही.

नंतर शिरेतलं रक्त नेलं, पक्कं झालं.
बारा आठवडे, रोज एक गोळी.
इतकी नेमकी तारीख मला कुणी कधी दिली नव्हती.

आठवड्यानं बाई आल्या.
लागला का फोन?
"रिंग जाते," म्हणाल्या, "कुणी उचलत नाही.
उद्या परत लावीन."

त्या दिवशी माझी सातवी गोळी होती.
रात्री फटीत बोट घालून बघितलं.
नखाला चुना लागला.