कोरा बुधवार

ऑटोक्लेव्हची नोंदवही मी मागून वाचते,
शेवटच्या पानापर्यंत लबाडी दमलेली असते.
एकशे चौतीस अंश, तीन मिनिटं, सही एलुनेड.
एकशे चौतीस, तीन, एलुनेड.
एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली पानं
मला वासावरून कळतात. ही तशी नव्हेत:
शाई बदलते, कुठे चहाचा डाग,
एका सोमवारी सही डाव्या हाताची.

आणि एक बुधवार कोरा.

मी बोट ठेवलं.
डॉक्टर प्रॉबर्ट खिडकीतून
बारमथची ओहोटी बघू लागले.
एलुनेड म्हणाली, "दाराचं रबर फाटलं होतं.
चौदा जणांना परत पाठवलं.
त्यातला मेंढपाळ गेथिन, गाल हा एवढा सुजलेला,
अजून बेकरीत माझ्याकडे पाठ करून उभा राहतो."

माझ्या फॉर्मात चौकोन दोनच:
नोंद आहे, नोंद नाही.
मी दुसऱ्यावर खूण केली,
समासात बारीक अक्षरात गेथिनचा गाल लिहिला,
मग नाव खोडलं. तेही नियमानेच.

निघताना तिने हात पुढे केला,
धुऊन धुऊन भेगाळलेला.

माझी अक्कलदाढ महिनाभर ठणकते आहे.
तपासलेल्या दवाखान्यात ती दाखवणं
नियमात बसत नाही.