उंचीची रेघ

भिंतीपासून शंभर मीटर मोकळे.
त्यापुढे धावपट्टीपासून चढत जाणारी एक तिरपी पातळी,
कुणाला न दिसणारी,
जी मी बावीस वर्षं लाल पेन्सिलीने काढत आलो.
कागदावर ती फार सुंदर दिसते.

जयताळ्याच्या मागल्या लेआउटात, प्लॉट सत्तेचाळीस,
वत्सलाबाई नंदेश्वर यांच्या गच्चीवर दुर्बीण लावली
तेव्हा चारही कॉलमच्या सळया वर निघालेल्या होत्या,
टोकांवर सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या.
अकरा वर्षं.
"पोराचं लगन झालं का एक खोली चढवू, म्हटलं होतं."
लग्न झालं. पोरगा न सून हिंगण्याला भाड्याने राहतात.

मी आकडा वाचला. खोली सोडाच,
पाण्याची टाकीच एक मीटर दहा सेंटिमीटर वर जाते.
"कशाच्या वर?"
मी हवेत हात फिरवला.
हात होता तिथे त्यांनी नीट पाहिलं.
एक घार होती.
"इले बी नोटीस देता का?"
दोघंही हसलो.
(घारींसाठीचं पत्र मटणाच्या दुकानांना गेलंय, मार्चमध्येच.
ते मी सांगितलं नाही.)

त्यांचे यजमान त्याच भिंतीच्या आत, मेसमध्ये,
तीस वर्षं भांडी घासत. सायकल, डबा, गेटवर पास.
बाई आवाजावरून विमान ओळखतात:
हे सामानाचं. हे पाहुण्यांचं.
हे नवीन हाय, याचा गळा अजून बसला नाही.

"पडलंच तर आमच्यावरच पडन ना, साहेब?
म्हणजे रेघ आमच्याच भल्याची."
हो, म्हणालो. ते खरंच आहे.
"मंग प्लॉट इकतानी कोणी कावून नाही दाखवली?
पैसे त मोजून घेतले."
माझ्या तक्त्यात रकाने होते चौदा.
पंधरावा नव्हता.

पावसाळ्याआधी टाकी उतरवली, जिन्याच्या अंगाला, विटांवर.
पुन्हा मोजायला गेलो. बसतंय, लिहिलं.
त्यांनी पाणी विचारलं.
नळाला आता जोर नाही, धार सुतळीएवढी,
पेला भरायला वेळ लागतो.
उभे राहिलो दोघं, काही न बोलता.
"सामानाचं," त्या म्हणाल्या, माझ्या आधी ऐकून,
आणि पेल्यावर तळहात धरला,
वरून काही पडू नये
म्हणून.