उंबऱ्यापुरता अपवाद

लंडनहून फोन आला तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा,
पंखा गरम हवाच ढवळत होता.
'मिस्टर हॅटर,' ती म्हणाली. मी हत्तुरे.
दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करायचं सोडून दिलं.
इमोजेनच्या फर्मची ऑफिसं एकोणीस शहरांत,
माझं एक, कोर्टाच्या मागे,
झेरॉक्सच्या दुकानावर.

मामला असा, की चिट्याल टॉवेल्समध्ये
सिंगापूरचा फंड चाळीस टक्के घेणार होता.
डेटा रूम नावाची खोली कुठेच नव्हती
तरी तिच्यात आम्ही सहा हजार पानं रचली:
लूमच्या पावत्या, बॉयलरचा परवाना,
आणि पोस्टकार्डावर केलेला एक भाडेकरार,
जो तिकडून कुणीतरी तीनदा उघडून पाहिला
असं सिस्टिम सांगत होती.

मग डिस्क्लोजर.
जे जे बिनसलंय ते आधीच लिहून द्यायचं,
म्हणजे नंतर फसवलं म्हणता येत नाही.
नरसय्याशेठ म्हणाले, 'देवापुढं कबूल करतात तसं?'
'तसंच. फक्त देव तासावर पैसे लावत नाही.'
भिंत दीड फूट शेजारच्या हद्दीत. लिहिलं.
रंगाच्या हौदाची नोटीस. लिहिलं.
वारलेल्या भावाला तोंडी कबूल केलेला दहावा हिस्सा.
इथे शेठ उठून पाणी प्यायले,
मग म्हणाले, लिहा.

तरी इमोजेनकडे एक प्रश्न उरला होता.
डिझाइन सत्तेचाळीस. निम्मी निर्यात त्याच्यावर.
काढलं कुणी?

'आमच्या सत्यम्मानं. कार्डं पंच करायची.
सव्वीस वर्षं झाली. कागद कसला त्याला?'

रिक्षानं कुंभारीला गेलो, विडी घरकुलात,
रिक्षात माझ्या मांडीवर अकरा पानांचं हस्तांतरणपत्र:
जगभर, कायमचे, सर्व माध्यमांत,
आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या.
मी ते मराठीत सांगितलं, नातवानं तेलुगूत.
प्रत्येक भाषेत ते आखूड होत गेलं.
शेवटी त्याच्या तोंडी दोनच शब्द आले:
अंता इच्चेय. सगळं देऊन टाक.

सत्यम्मानं दाराकडे पाहिलं.
'मग मुग्गू?'

उंबऱ्याबाहेर पांढऱ्या पिठीत
अकरा बाय अकरा ठिपक्यांवर
सत्तेचाळीस नंबर ऊन खात पडला होता.
'हे तुम्ही कुणाकडून शिकलात?' विचारणार होतो.
तिच्या आईचा फोटो भिंतीवर होता, हार सुकलेला.
नाही विचारलं.
काही उत्तरं मिळाली की उघड करावी लागतात.

रात्री फोनवर मी मुग्गू म्हणजे काय ते सांगितलं,
सकाळी काढतात, दुपारपर्यंत पायांनी पुसतं,
उद्या पुन्हा.
ओळीवर बराच वेळ कुणी बोललं नाही.
तिथे सहा मिनिटांचं एक बिल होतं,
तशी दोन तरी गेली असतील.
मग तिनं टाइप केल्याचा आवाज आला.

कलम चौदा पॉइंट तीन, पोटकलम ब:
हस्तांतर करणारीस स्वतःच्या उंबऱ्यासमोर
सदर आकृती काढण्याची मुभा राहील.
सिंगापूरनं मान्य केलं, एक भर घालून:
विनामोबदला, आणि
एक मीटर बाय एक मीटरच्या आत.

सत्यम्मानं सही केली, तेलुगूत, सावकाश.
एक्कावन्न हजारांच्या चेककडे बघितलंही नाही.
'एक टॉवेल पाठवा. चांगला.
आम्हाला जन्मभर सेकंडच मिळाला.'

पैसे आले. शेठनी पेढे वाटले.
माझ्या बिलातला रिक्षाखर्च लंडननं कापला, पावती नाही म्हणून.

संक्रांतीला टॉवेल द्यायला मीच गेलो.
नातू मोजपट्टी घेऊन उकिडवा बसला होता, हसत होता.
ठिपक्यांची एक अख्खी रांग
मीटरच्या पलीकडे गेली होती.
सत्यम्मानं मला बघितलं, हात थांबवला नाही.
मी चपला काढल्या,
आणि त्या रांगेला वळसा घालून आत गेलो.