बांधकामाचे वर्ष

हिंगण्याच्या पुढे, नव्या रस्त्याच्या आखणीत
एक घर येतं. म्हणजे त्याच्या तीन भिंती,
चौथीच्या जागी तरोटा.
मी टेप घेऊन आले आहे आणि साहेबांचा फॉर्म.
फॉर्मला घर हवं आहे मीटरमध्ये.

भिंत: कमरेपर्यंत काळा दगड,
वर माती, गव्हांडा कालवलेली.
जाडी ब्याऐंशी सेंटिमीटर.
मातीत एका अंगठ्याचा ठसा, उन्हात पक्का झालेला.
त्याला रकाना नाही.

दार एकच. बैल आणि माणसं
एकाच उंबऱ्यावरून आत जायची,
उजवीकडे कोठा, डावीकडे चूल,
मध्ये छातीएवढा आडोसा,
म्हणजे रात्री पाण्याला उठलेल्या बाईला
बैलांचे डोळे दिसत असणार.
जमिनीला उतार आहे. दिसत नाही, हात ठेवला की कळतो:
चुलीकडून कोठ्याकडे, कोठ्याकडून नालीकडे,
कुणीतरी घागरी ओतून ओतून ठरवलेला.

छत तीनदा बदललं.
कोपऱ्यात कवेलूंचा ढीग, कुंभाराच्या चाकावरचे,
त्यांच्यावर इंग्रजी कवेलू, कारखान्याचं नाव पुसट,
त्यांच्यावर टिन असणार,
ते कुणी काढून नेलं, खिळ्यांसकट.
आडं सागाचं. त्यात जुन्या खाचा,
ज्यांत या घराचं काहीच बसत नाही.
हे लाकूड आधी दुसरीकडे कुणाचं तरी छप्पर होतं.
आणि दारावर आडवा टाकलेला रेल्वेचा स्लीपर,
बोल्टांची भोकं तशीच.

उंबऱ्याच्या दगडात आकडा आहे.
आधी १, मग २ किंवा ३, मग ०, मग ९.
दुसऱ्याचं मधलं वळण पावलांनी खाल्लं.
फसली साल असेल तर
बाराशे नऊ म्हणजे भोसल्यांचा अंमल,
तेराशे नऊ म्हणजे छप्पन्याचा दुष्काळ.
एका वळणावर शंभर वर्षं.
कवेलू आधीचं म्हणतात, स्लीपर नंतरचं म्हणतो,
खाचा म्हणतात, आम्हाला विचारू नका.

मी बाटलीतलं पाणी दगडावर ओतते,
बोट फिरवते, तिरप्या उन्हाची वाट पाहते.

बकऱ्या घेऊन फकिरा वाघाडे येतो.
"काय वाचून राह्यली बाई?"
साल, मी म्हणते.
"साल कायचं? संत्र्याचे झाडं हायेत ते.
डोमाजीनं लावले तेवढे लिवले.
उंबऱ्यावर काहून, तं भाऊ घरात येताना
त्याच्या पायाखाली आलं पाहिजे:
वाटणी मांगशीन तं एवढ्यातली मांग.
कोरलं मंगरू उईकेनं. त्याले आकडे येत नोहोते.
राखेत काढून देल्ले, त्यानं पाहून पाहून कोरले."

तर आता प्रश्न शंभर वर्षांचा नाही,
शंभर झाडांचा आहे,
आणि राखेवर त्या दिवशी वारा किती होता, याचा.

जीपवाला हॉर्न वाजवतो.
बांधकामाचे वर्ष: मी पेन्सिलीने १ लिहिते,
मग जागा सोडते, मग ०९.

घरामागे बाग नाही. पण उन्हं उतरली
की आळी दिसायला लागतात,
उथळ खळगे, सोळा-सोळा फुटांवर,
प्रत्येकात वाटीभर सावली.
नसलेल्या झाडांची भरपाई मिळत नाही,
हे मला पाठ आहे. तरी मोजते.
अकराव्या ओळीत बकऱ्या बसल्या होत्या, त्यांना उठवलं.
एकोणिसाव्या ओळीत आखणीची पिवळी खुंटी,
आळ्याच्या बरोबर मध्ये,
जिथे खोड असायचं.

हे आळं धरायचं की सोडायचं,
ठरवता ठरवता आकडा हुकला.
पुन्हा पहिल्या ओळीपासून.