खारी

आठवी ब. संगणक कक्ष. यंत्रं सोळा, चालू अकरा.
मी सांगितलं, प्रत्येकाने नकाशावर एक पिन लावायची
आणि पिनेखाली एका मिनिटाचा आवाज.
आपल्या जागेची गोष्ट. एवढंच.
सोपं वाटलं होतं मला.

देवयानी मढवीने शोधपट्टीत लिहिलं: खारी.
नकाशा क्षणभर गरगरला
आणि त्याने घणसोलीतल्या चार बेकऱ्या दाखवल्या,
एक तर साडेचार ताऱ्यांची.
वर्ग हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
‘खाडी लिही गं,’ म्हणालो, ‘ड. डमरूतला.’
ती म्हणाली, ‘सर, आमच्या घरात ड नाही.
घोरा, वारी, खारी.
आत्या सांगते ती खारीच आहे.
खाडी तुमच्या पुस्तकातली.’

भूगोल शिकवून मला एकोणीस वर्षं झाली.
वाशिमहून आलो तोवर समुद्र मी
फळ्यावर, निळ्या खडूनेच पाहिला होता.

मग तिने पिन हातानेच सरकवत नेली.
फोनवर आत्या. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ
आणि वरच्या पंख्याचं एक पातं.
‘रस्त्याच्या खाली ये. अजून खाली ये.
बांध सरतो ना, तं.’
बांध कुठला? उपग्रहाला दिसतं मॉलचं छप्पर,
एसीच्या पेट्या, गाड्यांसाठी आखलेल्या पिवळ्या रेघा.
‘हां, थांब. यंच व्हती उघारी.’
पिन दोन मोटारींच्या मधोमध टोचली गेली.

रोशन धोत्रेच्या तीन पिना, तिन्ही रबाळ्याच्या खदानीकडेला.
‘एकच सांगितली होती ना रे?’
‘घर एकच आहे सर. उठवलं तीनदा.’
यंत्राने विचारलं, ही नोंद आधी झाली आहे, पुसायची का?
त्याने ‘नाही’ दाबलं.
यंत्राने पुन्हा विचारलं.
या वेळी बोट जरा जोरात पडलं.

ओवेसला तर काही टोचायचंच नव्हतं.
त्याचे अब्बा पाण्याचा टँकर चालवतात.
त्याने सोसायट्यांमधून वळत जाणारी रेघ ओढली
आणि रेघ जिथे रात्री दोनला थांबते
तिथे लिहिलं: इथे अब्बा तोंड धुतात,
बाटलीतल्या पाण्याने.

घंटा झाली. जाता जाता कोणीतरी विचारलं,
‘सर, तुमची पिन?’
‘पुढच्या तासाला,’ म्हणालो,
जसं गृहपाठ न केलेला पोरगा म्हणतो.

रिकाम्या कक्षात मी देवयानीचा आवाज उघडला.
साठातली चाळीस सेकंदं आत्या विचारत राहते,
‘चालू झाला का? झाला का चालू?
तू जेवलीस का गं?’
मधे कुकरची शिट्टी.
मग ती खाकरते.
मला वाटलं, आता सांगेल, भाऊ कसा
उधाणाच्या रात्री बांधावर निजायचा,
शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून.
पण नाही. ती नुसती हाक घालते,
भावाच्याच गळ्याने असावी, इतकी जाड:
‘पानी चरला रंऽऽ, फली टाका!’
आणि मिनिट संपतं.

‘सुरुवातीचं कापू का सर?’ देवयानीने विचारलं होतं.
मी तेव्हा बघू म्हणालो होतो.
आता कापायला धजलो नाही.
ती चाळीस सेकंदं काढली
तर हाक येणार कुठून, कुठल्या घरातून?

एकच काम उरलं होतं, नावं तपासायची.
पिनेचं नाव: खारी.
त्याखाली यंत्राने चुकीची खूण म्हणून ओढलेली
बारीक, लाल, नागमोडी रेघ.
दुरुस्त करा, असं शेजारी लिहिलेलं.
मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो.
पाणी दाखवायला फळ्यावर मी काढतो ना,
अगदी तशीच.