फोटोवरून जात कळत नाही

रात्री साडेनऊला फोन थरथरतो.
हिवराजच असणार. दिवसभर खांबांवर,
सिंदेवाहीच्या रेंजमध्ये आला की
एकदम सात-आठ फोटो, खाली एकच ओळ:
'हे कोनती होय जी मॅडम?'

पहिल्या फोटोत नुसती धानाची बांधी.
माशी कुठंय?
'उडाली जी. पन इथंच होती.'
दुसऱ्यात अंगठा, नखाखाली ग्रीस.
तिसऱ्यात एकदांडीच्या फुलावर एक डाग,
तो मी दोन बोटांनी ताणत जाते
आणि डाग मोठा होतो,
माशी होत नाही.

चौथा बरा आलाय.
पिवळे-काळे पट्टे. गांधीलमाशी समजून
पोरं हिला चपलेनं मारतात.
पण पंख मोज, हिवराज. दोनच आहेत.
मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या मुगऱ्या,
तुझ्या फोटोत त्या नाहीत, माशीला आहेत.
डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेत, म्हणजे नर.
आणि पंखावर नेमकं ऊन पडलंय तिथं
एक शीर अशी, की ती कुठून निघत नाही,
कुठल्या शिरेला जाऊन मिळत नाही.
पुस्तकात तिला खोटी शीर म्हणतात
आणि कुळ तिच्यावरूनच ठरवतात.

मी लिहिते: फुलमाशी. कुळ नक्की.
लगेच विचारतो: 'अन् जात?'

एकतीस वर्षं हा शब्द फळ्यावर लिहिला,
कुळाच्या खाली, प्रजातीच्या खाली, अधोरेखित.
खडू कधी अडला नाही.
आज अंगठा अडलाय.
पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हा
नाव सांगून तो जरा थांबला होता.
पुढचं मी विचारलं नाही.
माझ्याकडे तो अजून
'हिवराज लाइनमन' आहे.

जात हवी तर माशी हातात लागते, मेलेली.
टाचणीवर. पोटाचं शेवटचं टोक
भिंगाखाली उघडून बघायचं.
कॉलेजच्या कपाटात अशा दोनशे ठेवून आले मी,
डांबरगोळ्यांसकट.
निवृत्तीच्या दिवशी शेवटचं उघडलं
तर निम्म्या मुंग्यांनी नेलेल्या,
टाचण्या उभ्या, आणि टाचणीखाली
माझ्या अक्षरात सगळ्यांच्या जाती शाबूत.

'मारून आनू का?'
नको रे.
मग कसं?
मी लिहिते, फोटोवरून जात कळत नाही.

दोन निळ्या टिका. बराच वेळ काही नाही.
बाहेर रातकिडे, नळाची धार,
कुणीतरी कुत्र्याला हाकलतंय.
मग एक हसरा चेहरा, आणि
'बेस हाय जी.'

झोपण्याआधी राहिलेले फोटो बघते.
शेवटच्यात त्याचा रबरी हातमोजा,
मनगटापाशी हिरवट चकाकणारी एक माशी,
मागं उघडी डीपी, खटका खाली.
'हे बसली होती म्हून
लाइन थोडी लेट सोडली.'

वेळ बघते: सहा वाजून दहा.
म्हणजे आमच्याच गल्लीची.
अंधारात बसून
मी त्याच्या साहेबाला फोन लावला होता,
तक्रार करायला.
लागला नाही.

फोटो पुन्हा उघडते. हलला आहे.
मुगरी दिसत नाही,
शीर दिसत नाही,
फक्त हात
अजिबात हललेला नाही.