इंचाला आठ टाके

फोटो सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचा,
कडा बिस्किटासारख्या कातरलेल्या,
मागे जांभळ्या शाईत: जुहू, मार्च ४४.
आमच्या घरात तो एकाच वाक्यासोबत दाखवला जायचा:
हे रंगनाथकाका, विमान चालवायचे.
लग्नाच्या बोलणीत, तेराव्याच्या पंगतीत.
एका बारशाला तर त्यांनी ब्रह्मदेशावर
दोन जपानी विमानंही पाडली.

कपाळावर गॉगल. हसू नाही.
पाठीमागे विमानाचा तुकडा:
अर्धं शेपूट, अंगाची थोडी बाजू,
आणि जमिनीवर एका पंखाची सावली.

मी तो कलिन्याला नेला, बॅस्त्याव मिस्किटांकडे.
चाळीस वर्षं त्यांनी सांताक्रूझला इंजिनं उघडली.
वडिलांची भातशेती त्याच धावपट्टीखाली आहे,
हे ते चहात पाव बुडवताना सांगतात,
तक्रार म्हणून नाही, पत्ता म्हणून.

त्यांनी भिंग काढलं, घड्याळजीचं.
"आधी सावली बघायची.
माणूस फोटोसाठी पोट आत घेतो, सावली घेत नाय."
व्हेन्जन्स नाही, त्याचा पंख कोपरात वाकलेला.
लायसँडर नाही, त्याचे पंख डोक्यावर,
छत्री धरल्यासारखे.
मग शेपटाकडे नख नेलं:
"या बरगड्या दिसतात? पत्रा असता तर नसत्या दिसल्या.
हरिकेन. मागचं अर्धं अंग कापडाचं."

कापड?
"कापड. लिनन. वरून डोप चोपडायचं,
ढोलकीसारखं ताणून बसायचं,
हँगरभर पिकल्या केळ्यांचा वास.
त्यासाठी शिंपी ठेवायचे हवाई दलात."

आणि भिंग थांबलं.
काकांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर
काहीतरी चमकत होतं.
ऐंशी वर्षं आम्ही त्याला अंगठी म्हणत आलो.

अंगुस्तान.

मुगभाटातलं त्यांचं दुकान मला आठवतं:
शाळेच्या खाकी चड्ड्या, गाद्यांच्या खोळी,
छत्र्यांना नवं कापड.
माझं दप्तर फाटलं तेव्हा
त्यांनी एक तिरपा टाका घातला होता,
इकडून तिकडे, माशाच्या काट्यासारखा.
इंचाला आठ, म्हणाले. एवढंच बोलले.
सात झाले तर, मी विचारलं.
त्यांनी पूर्ण शिवण उसवली आणि पहिल्यापासून घातली.
दप्तर पुढे कुजलं. टाका नाही.

मिस्किटांनी फोटो उजेडाकडे तिरका धरला.
"इथे नंबर पाहिजे होता. खरवडलाय."
सेन्सॉरने?
"सेन्सॉर शाई फासायचा. हे सुईने केलंय.
घाई नव्हती करणाऱ्याला."

रात्री भावाचा फोन. कळलं का कुठलं विमान?
हरिकेन, म्हटलं.
तो खूश झाला. चालवायला अवघड असेल ना?
शिवायला, म्हटलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, हे आईला नको सांगूस.
आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

गॉगल कुणाचा, ते नंतर दिसलं,
टेबलावरच्या दिव्याखाली.
डाव्या कडेतून आत आलेला एक हात
काकांच्या खांद्यावर आहे.
आम्ही त्याला सदऱ्याची घडी समजत होतो.
बाही दुमडलेली, मनगटावर घड्याळ,
बाकीचा माणूस कातरलेल्या कडेच्या पलीकडे.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत.
शेपटावरचं डोप अजून ओलं असावं.
दोघांपैकी कुणीच त्याला टेकलेलं नाही.